झाडं पुढे आली तेव्हा

शेवाळलेल्या बुंध्यांचे जुने ओक, हिरवा अंधार, आणि माणूस असलाच तर बोटभर: असलं चित्र आज कॅलेंडरवरही दिसतं. सतराव्या शतकात डच चित्रकार रॉइसडालने जंगलं रंगवली होती, तरी आपल्या ओळखीच्या या चित्राचं घराणं पॅरिसच्या दक्षिणेकडच्या फाँतेनब्लोच्या जंगलातलं.

फ्रान्सच्या कला अकादमीच्या लेखी झाड म्हणजे नेपथ्य. पुढे पुराणातला प्रसंग हवा, मागे झाडं. १८१७ मध्ये ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी अकादमीचं ‘रोमचं पारितोषिक’ दिलं जाऊ लागलं. त्याच्या स्पर्धेच्या एका फेरीत नुसतं झाड काढायचं असे, तेही आठवणीतून. मग झाड डोळ्यांत भरून घ्यायला पोरं रानात जाणारच! अकादमीनेच आपल्या शिष्यांना बिघडवलं म्हणायचं. १८२४ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलची चित्रं आली, सुवर्णपदक घेऊन गेली, आणि साध्या शेतशिवाराचंही मोठं चित्र होतं हे पॅरिसला दिसलं.

चित्रकार तेओदोर रूसोने (तत्त्वज्ञ रूसो वेगळा) पुराणकथा काढूनच टाकली. एकेका ओकचं तो व्यक्तिचित्र काढावं तसं चित्र काढी. १८३६ पासून सलों त्याला वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. जंगलाच्या कडेच्या बार्बिझाँ गावात त्याने बिऱ्हाड केलं. १८४९ मध्ये चित्रकार मिलेही तिथे आला. गान नावाच्या खानावळवाल्याकडे चित्रकारांचा राबता असे. १८४१ मध्ये जॉन रँडने धातूच्या रंगनळीचं पेटंट घेतलं, त्यामुळे बाहेर रंगवणं सोपं झालं हे खरं. पण झाडं पुढे आली याचं सगळं श्रेय नळीला देणं मला पटत नाही. रूसो मोठी चित्रं खोलीत बसूनच पुरी करी, कधीकधी वर्षानुवर्षं घोटत.

खरं कारण कुऱ्हाड होती. वनखातं जुने वृक्ष तोडून झटपट वाढणारे पाइन लावत होतं. रूसोने १८४७ मध्ये वृक्षतोडीचं चित्र हाती घेतलं आणि त्याला नाव दिलं बायबलमधल्या बालहत्याकांडाचं. पुराण असं मागच्या दाराने परत आलं, फक्त मरणारी आता झाडं होती. ते चित्र अपुरंच राहिलं. १८५२ मध्ये त्याने ही तोड थांबवावी म्हणून सरकारदरबारी अर्ज केला. पुढच्याच वर्षी ६२४ हेक्टर जंगल तोडीतून वगळलं गेलं. १८६१ च्या शाही हुकमाने ते १,०९७ हेक्टर झालं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या अकरा वर्षं आधी. सरकारी दप्तरात या राखीव रानाचं नाव होतं ‘कलात्मक विभाग’. वाचवली ती झाडं म्हणून नव्हे, चित्राचा विषय म्हणून.