रॉबर्टो क्लेमेंटे आणि त्याचे चाहते

खेळाडू गेला की चाहते त्याचे आकडे आठवतात, अशी आमची समजूत होती. रॉबर्टो क्लेमेंटेच्या इतिहासाने ती मोडली.

पोर्तो रिकोतील उसाच्या मळ्यावरच्या मुकादमाचा हा मुलगा पिट्सबर्ग या पोलादनगरीच्या बेसबॉल संघात अठरा वर्षे खेळला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, तेव्हा अंत्यविधी होईपर्यंत मैदानात उतरायचे नाही, असे संघातील खेळाडूंनी ठरविले. त्यांत तो पुढे होता. कामगारांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वातील मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. मदतीचे सामान तेथील सैनिकच लाटतात, असे कानी येताच ३१ तारखेला तो स्वतः सामानाबरोबर निघाला. प्रमाणाबाहेर लादलेले ते विमान समुद्रात कोसळले. त्याचे प्रेत मिळालेच नाही. लोक मात्र किनाऱ्यावर वाट पाहत उभे राहिले. त्याच्या यशस्वी फटक्यांची संख्या बरोबर ३००० होती. त्या किनाऱ्यावर ती कोण मोजणार?

पिट्सबर्गच्या मैदानाची उजवीकडची भिंत मुद्दाम २१ फूट बांधली आहे; २१ हा त्याचा क्रमांक. आमच्या संघटनांनीही पुढाऱ्याच्या तसबिरीला हार घालताना एवढे विचारावे: हा कुणासाठी उभा राहिला?