खानदेशातील खानावळी आणि साथीचे दिवस

इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, तह आणि सनदा आपल्या डोळ्यांपुढे येतात; खानावळ येत नाही. ती इतकी नित्याची गोष्ट आहे की, तिची नोंद ठेवावी असे कोणास वाटत नाही. परंतु जळगाव आणि धुळे या शहरांच्या वाढीचा विचार करू लागलो म्हणजे परगावचा मनुष्य जेवतो कोठे, हा प्रश्न टाळता येत नाही. २०२० ते २०२२ या साथीच्या काळात तर लहान खानावळवाल्यांच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला. त्या प्रश्नाकडे आज आम्ही थोडे इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत.

जुन्या काळी प्रवासी आप्ताच्या घरी उतरे, नाही तर धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडी. शिधा बरोबर असे. परक्याच्या हातचे पैसे देऊन जेवण्यास जातीचा अडसर होता आणि मनाची लाजही होती. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. १८६०नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. कापसाच्या व्यापाराने जळगाव वाढले आणि तेथे कापडाची गिरणी निघाली. धुळे हे आधीच जिल्ह्याचे ठाणे होते व मुंबई–आग्रा रस्त्यावर वसले होते. १९०० साली चाळीसगावहून तेथेही रेल्वेचा फाटा गेला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणजे दोन कचेऱ्या झाल्या. गिरणीतला कामगार, तारखेला आलेला पक्षकार, बदलून आलेला कारकून, शिकावयास आलेला विद्यार्थी अशी चूल नसलेली माणसे शहरात आली आणि त्यांच्या मागोमाग खानावळ आली.

खानदेशी खानावळीचे ताटही या माणसांना साजेसेच आहे. शेव डब्यात टिकते. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा तयार असला म्हणजे अवेळी आलेल्यालाही पाच मिनिटांत शेवभाजी वाढता येते. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या पोपटी वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी. त्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती भाजून, ठेचून, फोडणी देऊन गिऱ्हाइकाला जेवू घालणाऱ्या हातांना मात्र कसलेच मानांकन नाही.

या धंद्याचा हिशेब रोजचा असतो. वाण्याकडून डाळ-तेल उधारीवर यावयाचे, दुपारच्या पंगतीच्या पैशांतून रात्रीची भाजी आणावयाची. जागा बहुधा भाड्याची. भाकरी थापणाऱ्या बाया, वाढपी, भांडी घासणारा गडी यांचा पगार ठरलेला. महिन्याचे मेंबर पैसे देणार महिनाअखेर. म्हणजे खानावळवाला एका बाजूने वाण्याचा ऋणको आणि दुसऱ्या बाजूने जेवणाऱ्यांचा धनको. हे चाक फिरत आहे तोवर ठीक. थांबले की ते फार दिवस उभे राहात नाही.

साथ या प्रांताला नवी नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुढे प्लेग खानदेशातही आला. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेक, बहिणाबाई चौधरी, यांच्या ओंकार या मुलाला त्याच रोगाने कायमचे अपंगत्व आले. त्या काळी प्लेग आला म्हणजे लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालीत. जाताना आपली चूल ते बरोबर नेत. २०२० साली हुकूम उलट होता: घरात राहा. कायदा मात्र तोच, १८९७चा. ज्याची चूल शहरातील खानावळीत होती त्याने काय करावे, याचे उत्तर तेव्हाच्या कायद्यात असण्याचे कारण नव्हते. आताच्या हुकमांत ते असावयास हवे होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निर्बंध अकारण नव्हते. बंद खोलीत, तोंड उघडे ठेवून, शेजारी शेजारी बसून जेवणे हे या रोगाला आमंत्रणच होते. २०२०च्या मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण साऱ्या राज्याच्या चिंतेचा विषय झाले होते. तेव्हा खानावळी बंद का केल्या, असा आमचा प्रश्न नाही. बंदीचा भार कोणी उचलला, एवढेच आम्ही विचारीत आहोत.

२५ मार्च २०२०पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. बसून जेवणे बंद. पार्सल तेवढे चालू शकत होते. २० एप्रिलपासून महामार्गावरील ढाब्यांना केंद्र सरकारच्या सूचनांनी मुभा मिळाली, कारण मालमोटारी चालू राहणे जरूर होते. म्हणजे आग्रा महामार्गावर मोटारचालकाला जेवू घालणे आवश्यक ठरले आणि गावातल्या खानावळीत एकट्या कामगाराला वाढणे अनावश्यक ठरले. मे महिन्यात याच रस्त्याने हजारो मजूर उत्तरेकडे पायी गेले. त्यांतील कित्येकजण मुळात शहरातल्या खानावळींचेच जेवणारे होते.

पार्सलची सवलत वरवर उदार दिसते. पण पार्सल न्यावयास घर लागते, ताट लागते, पाणी लागते. खोलीवर चौघे मिळून राहणारा विद्यार्थी किंवा बसस्थानकावर उतरलेला खेडूत भाजी-भाकरी विकत घेतो हे खरे, परंतु त्याबरोबर तो बसावयाची जागा, पाण्याचा तांब्या आणि रस्सा पुन्हा वाढून घेण्याचा हक्कही विकत घेतो. पार्सलमध्ये भाजी गेली. खानावळ गेली नाही.

५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या आसनांवर दारे उघडली. सहा टेबलांपैकी तीन मांडली तरी भाडे निम्मे होत नाही. शिवाय दार उघडले म्हणून जेवणारा परत येतो असे नाही. महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१पर्यंत बंदच होती. ती उघडतात न उघडतात तोच ११ ते १५ मार्च असा जनता कर्फ्यू जळगाव शहरात लागला आणि एप्रिलात राज्यभर पुन्हा निर्बंध आले. विद्यार्थी वर्गात परतले ते २० ऑक्टोबर २०२१ रोजी. त्यानंतर थोड्याच दिवसांत एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला. बसस्थानकासमोरच्या खानावळींपुढचा प्रवासीच नाहीसा झाला. अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, सर्व निर्बंध उठले. सरकारने दारांचा हिशेब ठेवला. खानावळ मात्र दारावर चालत नसून माणसांच्या येण्याजाण्यावर चालते.

मदतीचे काय झाले? १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना निघाली. डोक्यावर छप्पर असलेला खानावळवाला पथविक्रेता ठरत नव्हता. उद्योगांसाठी हमीची कर्जे होती, ती ज्यांचे बँकेत आधीच कर्ज चालू होते त्यांना; याचे कर्ज वाण्याच्या वहीत. १३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. भाकरी थापणारी बाई त्या यादीत नव्हती. गंमत अशी की, १८९७च्या कायद्यात भरपाईचा उल्लेख आहे, पण तो ‘असल्यास’ या शब्दासह.

एक अपवाद सांगितला पाहिजे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत थाळी १० रुपयांना मिळे. टाळेबंदीत ती ५ रुपयांना आणि पुढे एप्रिल २०२१पासून काही काळ विनामूल्य मिळू लागली. शहरी भागात एका थाळीमागे ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून गिऱ्हाइकाच्या पैशाखेरीजची रक्कम सरकार केंद्रचालकाला देई. ही केंद्रे खानावळी आणि महिला बचतगट यांनाही दिली जात. म्हणजे उपाशी माणूस आणि रिकामी खानावळ यांची गाठ घालता येते, हे सरकारला ठाऊक होते. ठराविक थाळ्यांपुरते का होईना, जेथे हे झाले तेथे चूल पेटती राहिली. दोघांचे दुःख एकाच खर्चाने हलके करणारा हा मार्ग पुढच्या संकटात पहिल्या दिवसापासून सर्व लहान खानावळींना खुला असावा, असे आम्हांस वाटते.

शेवटी एक विनंती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे जमविली; १९२६ साली त्यांचा अंत धुळ्यासच झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे आहे. साथीच्या काळातील सरकारी हुकूम जपून राहतील. त्यांची काळजी नको. परंतु बंद पडलेल्या खानावळीची मेंबरांची वही कोण जपणार? तिच्यात मार्च २०२०च्या पानावर कोणी किती दिवस जेवला आणि कोणाचे किती येणे राहिले ते लिहिलेले असेल. ज्यांच्या ओळखीत अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये. त्या पानांवरची येणी आता वसूल होणार नाहीत; निदान ती मोजली तरी जावीत.