सराव आणि मैदान : गोल्फच्या इतिहासातील एका तोलाचा विचार

प्रस्तावना

तालमीतली कुस्ती वेगळी आणि मैदानातली कुस्ती वेगळी, हा भेद आपल्याकडील कोणत्याही वस्तादाला समजावून सांगावा लागत नाही. पेण व रोहे परिसरातील कबड्डीपटूच्या बाबतीत हा भेद काहीसा पुसट होतो. ज्या मातीवर तो सायंकाळी सराव करतो, तशाच मातीवर त्याचा सामनाही होतो. गोल्फमध्ये मात्र सरावाची जागा आणि खेळाची जागा एकमेकींपासून दूर गेल्या. पनवेल तालुक्यातील खारघर येथे सिडकोने गोल्फचे मैदान विकसित केल्यामुळे हा खेळ आता रायगड जिल्ह्याच्या हद्दीत आला आहे. म्हणूनच ‘सराव किती करावा आणि प्रत्यक्ष मैदानावर किती खेळावे’ हा गोल्फपटूंचा जुना प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासणे उचित ठरेल. हा तोल केवळ खेळाडूच्या शिस्तीवर अवलंबून नसून जागा, साधने आणि वेळ कोणाच्या हाती आहेत यावर तो ठरत आला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

साधनांची किंमत आणि सरावाचा उदय

गोल्फचा पहिला ज्ञात लेखी उल्लेखच सराव आणि खेळ यांच्या संघर्षातून आलेला आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल व गोल्फ या खेळांवर बंदी घातली. लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा, ही अपेक्षा त्यामागे होती. युद्धासाठी आवश्यक असलेला सराव खेळामुळे मागे पडतो, अशी राजसत्तेची तक्रार होती. पुढे खेळाला मान्यता मिळाली. परंतु खेळाचा स्वतंत्र सराव ही कल्पना रुजण्यास दीर्घ काळ जावा लागला.

यामागे एक आर्थिक कारण दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून हाताने बनविला जाई. कुशल कारागिरालाही दिवसाकाठी मोजकेच चेंडू तयार करता येत, त्यामुळे चेंडू महाग पडे. एका जागी उभे राहून शंभर चेंडू मारण्याची चैन कोणाला परवडणार? १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनविलेला स्वस्त व टिकाऊ चेंडू प्रचारात आला आणि पुनरावृत्तीचा सराव आवाक्यात येऊ लागला. सरावाची संस्कृती केवळ इच्छेतून जन्मत नाही, तिला साधनांची सुलभताही लागते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात अमेरिकन खेळाडू बेन हॉगन यांच्या नावाभोवती सरावाची ख्याती उभी राहिली. बालपणी कॅडी म्हणून, म्हणजे इतरांची गोल्फची साधने वाहणारा मुलगा म्हणून काम केलेल्या हॉगन यांनी तासन्‌तास चेंडू मारून आपला फटका घडविला. १९४९ च्या भीषण मोटार अपघातानंतर मात्र त्यांना मोजक्याच स्पर्धा खेळता येऊ लागल्या. १९५३ मध्ये त्यांनी सहा स्पर्धांत भाग घेतला आणि त्यांपैकी पाच जिंकल्या. सराव विपुल आणि स्पर्धा मोजक्या, असा हा तोल होता. तथापि तो शरीराच्या मर्यादेने लादलेला होता, हे विसरता येत नाही.

वसाहतकालीन भारत : सराव एकाचा, मैदान दुसऱ्याचे

भारतात गोल्फ फार लवकर आला. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले. या मैदानांवर भारतीय माणूस प्रामुख्याने कॅडी किंवा माळी म्हणून वावरत होता. वारा कोठून येतो, उतार कोणीकडे आहे, कोणत्या अंतराला कोणती काठी घ्यावी, हे कॅडीला पाठ असे. परंतु फटका मारण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. त्याला मैदान होते, खेळ नव्हता.

याच चित्राची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या क्रिकेट इतिहासात आढळते. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात १८९० च्या दशकात काम करणारे पळवणकर बाळू हे सरावाच्या जाळीत इंग्रज खेळाडूंना तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यांना महिना चार रुपये पगार होता आणि जाळीत फलंदाजी करण्याची संधी त्यांना दिली जात नसे, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदविले आहे. म्हणजे सरावाचे कष्ट बाळूंचे आणि त्याचा लाभ साहेबाचा. पुढे हिंदू संघात प्रवेश मिळाल्यावरही अस्पृश्यतेने त्यांची पाठ सोडली नाही. मध्यंतरात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. जाळीतील सरावाला मैदान मिळताच काय घडू शकते, याचा हा लखलखीत पुरावा होय.

गोल्फमध्ये असा पुरावा मिळण्यास बराच अधिक काळ लागला. दिल्लीतील कॅडीचे पुत्र अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू ठरले.

आजचा विचार

आज चेंडू मुबलक आहेत. दुर्मीळ आहे ते मैदान आणि वेळ. अठरा होलच्या एका फेरीस सुमारे चार तास लागतात आणि तेवढ्यात सामान्य खेळाडूचे शंभराच्या आसपास फटके होतात. सरावपट्टीवर तेवढे फटके तासाभरात मारता येतात. परंतु तेथे तीच काठी, तीच सपाट जमीन आणि चूक झाल्यास लगेच दुसरा चेंडू असतो. मैदानावर प्रत्येक फटक्याची जागा व अंतर बदलते आणि चुकलेला फटका पुन्हा मारता येत नाही. शिवाय ७२ फटक्यांच्या प्रमाणित फेरीत ३६ फटके होलजवळच्या हिरवळीवरील हलक्या टोल्यांसाठी गृहीत धरलेले असतात. सरावात मात्र दूरच्या फटक्यांचेच आकर्षण अधिक असते.

शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये केलेला प्रयोग येथे उपयुक्त ठरतो. एकच हालचाल सलग करणाऱ्यांची प्रगती सरावाच्या वेळी अधिक दिसली. मात्र हालचालींचा क्रम बदलत सराव करणाऱ्यांनी शिकलेले अधिक टिकवून ठेवले. सरावात मैदानाची अनिश्चितता आणणे हाच तोल साधण्याचा मार्ग होय, असे यावरून म्हणता येईल.

समारोप

सराव आणि खेळ यांचे कोणतेही एक प्रमाण सर्वांना लागू पडत नाही. ज्याच्याकडे दोन्ही आहेत, त्याच्यापुढे तो निवडीचा प्रश्न असतो. ज्याच्याकडे दोहोंपैकी एकच आहे, त्याच्यापुढे तो न्यायाचा प्रश्न होतो. पेण-रोह्याच्या महाविद्यालयांत खेळणारा विद्यार्थी उद्या गोल्फ खेळेल की नाही हे महत्त्वाचे नाही. तो मातीवर रोज घाम गाळतो, पण त्याला वर्षाकाठी सामने किती मिळतात, हा प्रश्न आपण अध्यापकांनी विचारला पाहिजे. सामना नसलेला सराव आणि सरावाविना सामना, दोन्ही अपुरेच. संघनिवडीच्या यादीत नेहमी राखीव राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहताना पळवणकर बाळूंची जाळी आठवली, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.