निवृत्त लढाऊ विमानांचें जतन : बोगमाळो येथील संग्रहाच्या निमित्तानें

ज्यांनीं आपलें आयुष्य दफ्तरें उलगडण्यांत व पोथ्यांचीं पानें जुळविण्यांत घालविलें, त्यांच्यापुढें जेट विमानांचा विषय मांडणें कांहींसें विचित्र दिसेल. ताम्रपट, सनद, बखर हीं इतिहासाचीं मान्य साधनें. विमान हें तर काल-परवांचें यंत्र. परंतु साधनाची योग्यता केवळ त्याच्या वयावर ठरत नाहीं. ज्या घटनेस तें साक्षी होतें ती घटना घडून गेली व पुन्हां घडणें नाहीं, एवढें झालें म्हणजे त्याचें जतन करणें प्राप्त होतें. निवृत्त लढाऊ विमान हें अशाच प्रकारचें साधन आहे. आणि पोथीच्या बाबतींत आपण जे नियम पाळतों तेच त्यासही लागू पडतात, असें येथें दाखवावयाचें आहे. उदाहरणादाखल गोव्यांतील बोगमाळो येथील नौदलाचें वैमानिकी संग्रहालय घेतों.

प्रथम स्थळाचा पूर्ववृत्तांत. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज अमदानींतील. गोवामुक्तीच्या मोहिमेंत १८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनीं तिच्यावर बाँब टाकले. पुढें १९६४ मध्यें नौदलाचा ‘हंसा’ हा तळ कोइमतूरजवळील सुलूरहून येथें आला, आणि १९९८ मध्यें त्याच परिसरांत हें संग्रहालय उघडलें. उघड्या पटांगणांत जल-स्थलगामी सीलँड, पंख्याचीं फायरफ्लाय व अलीझे, प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन, आणि जेट विमानांपैकीं व्हँपायर, सी हॉक व सी हॅरियर हीं मांडिलेलीं आहेत.

यांतील सी हॉकची हकीकत विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें ‘विक्रांत’ हें विमानवाहू जहाज आपल्या नौदलांत दाखल झालें. त्याच वर्षीं १८ मे रोजीं त्यावर पहिलें जेट विमान उतरलें; वैमानिक होते लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम तहिलियानी, जे पुढें नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरांत असतां त्यावरील सी हॉक विमानांनीं कॉक्सबाझार व चितगांव येथें हल्ले केले. १९८३ मध्यें त्यांची जागा सी हॅरियर घेऊं लागलें. याच्या एंजिनाचीं चार तोंडें फिरवितां येत असल्यामुळें तें सरळ खालीं उतरूं शके. मे २०१६ मध्यें तेंही निवृत्त झालें.

आतां त्या जहाजाची गति पहा. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ‘विक्रांत’ निवृत्त झालें. २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबई बंदरांत त्याचें संग्रहालय होतें. नंतर तें बंद झालें, आणि २०१४ मध्यें जहाज भंगारांत विकून तोडण्यांत आलें. त्याच्या पोलादाचा कांहीं अंश पुण्याच्या बजाज कंपनीनें २०१६ मध्यें मोटारसायकलींत घातला. जुन्या वाड्यांतील दफ्तरें वाण्याच्या दुकानीं जाऊन त्यांच्या पुड्या झाल्या, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या प्रसंगाचा अर्थ सांगावयास नको. २०२२ मध्यें नवें ‘विक्रांत’ नौदलांत आलें. तथापि नवीन ग्रंथास जुन्या ग्रंथाचें नांव दिल्यानें जुना ग्रंथ हातीं येत नाहीं.

अशा स्थितींत सी हॉकचे घडी घालतां येणारे पंख आणि शेपटीखालचा आंकडा पहावे. तोकड्या डेकावर विमान थांबवावें व जहाजाच्या पोटांत थोडक्या जागेंत मावावें, एवढ्यासाठींच ही योजना. डेक नाहींसें झालें. त्याचें माप मात्र विमानाच्या अंगावर राहिलें आहे. मूळ पत्र हरवून त्याचें उत्तर तेवढें हातीं लागावें, तशी ही गोष्ट आहे.

हें साधन टिकावयाचें कसें? पोथीस जशी कसर, वाळवी व ओल, तशी विमानास खारी हवा. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचा, आणि त्यांतील कित्येक बोल्ट पोलादाचे. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांत खारें पाणी शिरलें कीं तेथें विद्युद्घटासारखी क्रिया सुरू होते व ॲल्युमिनियम खाल्लें जातें. कांहीं मिश्र धातु तर थरांथरांनीं सुटतात, जणूं ओल लागलेल्या पोथीचीं पानें. गोव्यांत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बोगमाळोस समुद्र हांकेच्या अंतरावर. त्यांत पाणी निघून जाण्याचीं बारीक छिद्रें कुंभारमाशीच्या घरट्यांनीं बुजलीं तर पंखांत पाणी सांचून राहतें. उन्हानें वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत पिवळें पडतें, रबर तडकतें. वरचेवर गोड्या पाण्यानें धुणें, छिद्रें मोकळीं ठेवणें, चाकांवरील भार टेकूंवर घेणें, हे उपाय कांहीं काळ चालतात. परंतु डोक्यावर छप्पर असणें हा खरा उपाय. हस्तलिखितें अंगणांत ठेवून वर्षास एकदां झटकणारा संग्राहक कोणी पाहिला आहे काय?

दुसरें संकट खुद्द जतन करणाऱ्याच्या हातून येतें. फिका पडलेला रंग पाहून चौथऱ्यावरील विमानास नवा, चकचकीत रंग देण्याची प्रवृत्ति सर्वत्र आहे. रंग धातूचें रक्षण करतो हें खरें. परंतु देतांना जुना थर तपासला नाहीं आणि क्रमांक किंवा तुकडीचें चिन्ह अंदाजानें काढलें, तर तो शुद्ध प्रक्षेप होय. सुपर कॉन्स्टेलेशन जेट नव्हे, तरी येथें उदाहरण म्हणून चांगलें आहे : तें आरंभीं एअर इंडियाचें, मग वायुदलाचें, शेवटीं नौदलाचें. अशा विमानाच्या अंगावरील रंगाचे थर पुसून पुन्हां लिहिलेल्या ताडपत्राप्रमाणें वाचावे लागतात. एकदां खरवडले कीं वाचन संपलें. तसेंच एका विमानास दुसऱ्याचा पंख जोडून तें पुरें करणें हा पाठसंकर आहे. कधीं तो अपरिहार्य असेल. पण तो केल्याची नोंद हवी. त्रुटित पान त्रुटित म्हणून दाखविण्यांत कमीपणा नाहीं.

तिसरी गोष्ट पुष्पिकेची. आपल्या नौदलाचीं सी हॉक विमानें सारीं एकाच वाटेनें आलीं नाहींत. कांहीं ब्रिटनमधून घेतलीं, तर कांहीं पश्चिम जर्मनीच्या नौदलांत राबून मग इकडे आलीं. अमुक विमान कोणत्या वाटेचें, हें बाह्य रूपावरून सहसां कळत नाहीं. त्यासाठीं कारखान्याची लहानशी पट्टी पहावी लागते आणि नोंदवह्या पहाव्या लागतात. त्या वह्यांत उड्डाणाचे तास, दुरुस्त्या, बदललेले भाग व तुकड्या यांच्या नोंदी असतात. विमान एका दिशेस व वह्या दुसऱ्या दिशेस गेल्या, तर उरतें तें लिपिकार, स्थळ व शक यांवांचूनचें पुस्तक : देखणें, पण साक्ष देण्यास असमर्थ.

या विचारास आज तातडीचें कारण आहे. १९६३ पासून वायुदलांत असलेलें मिग-२१ हें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें समारंभपूर्वक निवृत्त झालें. त्यांपैकीं बरींच आपल्या नासिकजवळील ओझरच्या कारखान्यांत तयार झालेलीं. निवृत्त विमानें चौकांत, उद्यानांत, शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत उभीं करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, व हींही तशीं उभीं राहतील. उभीं करावींत, मुलांनीं पहावींत. परंतु प्रत्येकाजवळ एक पाटी असावी : कारखाना व क्रमांक, बांधणीचें वर्ष, सेवेच्या तुकड्या, निवृत्तीची तारीख, कोणता भाग दुसऱ्याचा, आणि रंग कोणत्या आधारावर केव्हां दिला. नोंदवह्यांची एक प्रत त्या त्या ठिकाणीं सुरक्षित ठेवावी. आणि प्रत्येक प्रकारचें निदान एक विमान तरी, न रंगवितां, न पुरें करितां, सेवेंतून उतरलें तसें, छपराखालीं राखावें.

या कामास वैमानिकी विद्येपेक्षां नोंद घेण्याची संवय अधिक लागते, आणि ती आपल्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्या गांवीं असें विमान उभें असेल तेथील इतिहासप्रेमी गृहस्थांनीं त्याचा क्रमांक टिपून, छायाचित्र घेऊन, जाणत्या निवृत्त सैनिकांस विचारून एक टांचण तयार करावें. पत्रा गंजावयास लागतो त्याच्या आधींच माणसांची स्मृति गंजूं लागते. म्हणून आरंभ तेथूनच करावा, हें बरें.