पिंपरीचे पेनिसिलीन आणि चार अणूंचे वलय

इंद्रायणीकाठच्या तळवड्याहून दक्षिणेस काही किलोमीटरांवर पिंपरी आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1955 मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. हा इतिहास सामान्यतः राष्ट्रीय धोरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि रसायनशास्त्राच्या अभ्यासकापुढे त्यात आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्याची घटना ठाऊक होती तो पदार्थ प्रयोगशाळेत न घडविता बुरशीकडूनच का करवून घ्यावा लागला?

या घटनेविषयी महायुद्धाच्या काळात तीव्र मतभेद होता. अणू तेच; वाद होता तो त्यांच्या जोडणीचा. सर रॉबर्ट रॉबिन्सन यांचा कल पाच अणूंच्या दोन वलयांकडे होता. अब्राहम व चेन यांनी 1943 मध्ये चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय सुचविले होते. अशा ताणलेल्या वलयाचे अस्तित्व अनेकांस असंभाव्य वाटे. 1945 मध्ये डोरोथी हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांच्या क्ष-किरण परीक्षणाने हेच वलय सिद्ध केले.

त्याचे महत्त्व सहसंयुजी बंधांच्या भूमितीत आहे. कार्बोनिल गटातील कार्बनाभोवतीचा स्वाभाविक कोन सुमारे 120 अंशांचा; या वलयात तो सुमारे 90 अंशांवर येतो. शिवाय शेजारच्या वलयाशी जोडला गेल्यामुळे नायट्रोजन सपाट राहू शकत नाही. सामान्य अमाइडास स्थैर्य देणारी त्याच्या इलेक्ट्रॉनयुग्माची वाटणी येथे दुर्बल होते आणि वलय सहज उघडते. जंतूची कोशिकाभित्ती विणणाऱ्या एंझाइमाशी पेनिसिलीन सहसंयुजी बंधाने जखडले जाते, ते या उघडण्यामुळेच. त्याचे औषधी सामर्थ्य येथे आहे.

परंतु त्याचे दौर्बल्यही येथेच आहे. आम्लात हे वलय टिकत नाही. म्हणून बेंझिल पेनिसिलीन प्रायः टोचूनच द्यावे लागते, आणि किण्वनद्रवातून ते वेगळे काढताना द्रव थंड ठेवून त्वरा करावी लागते. कृत्रिम संश्लेषण शेकडो रसायनज्ञांस दीर्घकाळ साधले नाही, त्याचेही प्रमुख कारण हेच. शीहान यांनी 1957 मध्ये पेनिसिलीन-व्ही संश्लेषिले, तेव्हा पिंपरीचे उत्पादन सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. आणि त्यानंतरही किण्वनाचाच मार्ग स्वस्त ठरला. प्रतिकारक्षम जंतूंचे पेनिसिलिनेज एंझाइमही पाण्याच्या साहाय्याने नेमका हाच बंध तोडते आणि औषध निष्प्रभ करते.

तात्पर्य, पदार्थाचे गुण आणि दोष ही येथे दोन निराळी प्रकरणे नाहीत. एकाच बंधाची ती दोन फले होत. पिंपरीच्या किण्वनपात्रांचा इतिहास लिहिताना शासननिर्णयांबरोबर या एका बंधाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.