क्रँककेस वायुवीजन : मोटारगाडीच्या इंजिनातील फेरबदल

सिलिंडरात जळणाऱ्या वायूंपैकी थोडा भाग पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, आम्ले आणि तेलाचे तुषार असतात. हे वायू कोंडले की ऑइल सील गळू लागतात आणि तेल लवकर खराब होते, म्हणून त्यांना वाट द्यावीच लागते. ती कुठे काढायची, यावर या विषयातले सगळे वाद उभे आहेत.

जुन्या मोटारींत एक उघडी नळी रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे. धावत्या गाडीखालचा वारा वायू ओढून नेई. गाडी थांबली की ती ओढ संपे. बंगळूरूतील टिन फॅक्टरीजवळच्या वाहनकोंडीत अशा नळीचा काही उपयोग झाला नसता. शिवाय नियंत्रण नसलेल्या मोटारीच्या एकूण हायड्रोकार्बनांपैकी साधारण पाचवा हिस्सा याच वाटेने हवेत जाई. कॅलिफोर्नियात १९६१ पासून आणि उर्वरित अमेरिकेत १९६३ पासून नव्या मोटारींना पीसीव्ही वॉल्व्ह बसू लागला. हा वॉल्व्ह वायू पुन्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडतो. इंजिन आयडलिंगवर असताना तिथला निर्वात तीव्र असतो, तेव्हा वॉल्व्ह वाट अरुंद ठेवतो. भार वाढला की ती रुंद करतो. बॅकफायर झाल्यास वाट बंद होते. टर्बो इंजिनात मॅनिफोल्डमध्येच दाब चढतो, म्हणून तिथे दुसरी नळी टर्बोच्या आधीच्या हवामार्गाला जोडलेली असते.

बंगळूरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम येथे याच प्रश्नाची निराळी उत्तरेही पाहायला मिळाली आहेत. रेल्वेच्या कृष्णराजपुरम शेडमधील अल्को कुळातील डब्ल्यूडीएम-३ए इंजिनांत विजेच्या मोटारीवर चालणारा एक्झॉस्टर क्रँककेसमधील वायू खेचून बाहेर टाकतो. ईएमडी कुळातील डब्ल्यूडीपी-४ मध्ये ते एडक्टरमार्गे धुराड्यात जातात. आत स्फोटक तेलवाफ साठू नये, हा तिथला मुख्य हेतू. मोटारींना मात्र हे वायू बाहेर सोडण्याची मुभा नाही. भारतीय मान्यताचाचणीत ‘टाइप तीन’ ही क्रँककेस उत्सर्जनाचीच चाचणी असते आणि पेट्रोल मोटारीसाठी अपेक्षित उत्तर असते शून्य.

हौशी मालक मुख्यतः दोन बदल करतात. पहिला म्हणजे वॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये कॅच कॅन बसवणे. आतल्या पडद्यांवर आणि जाळीवर तेल व पाणी अडते आणि उरलेला वायू इंजिनात परत जातो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना, उदाहरणार्थ चाकणला तयार होणाऱ्या १.० टीएसआयला, यामागचे कारण नीट लागू पडते: तिथे पेट्रोल थेट सिलिंडरात जाते, इनटेक वॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि तेलाची काजळी त्यांवर बसते. पोर्ट इंजेक्शनच्या साध्या हॅचबॅकला कॅन लावण्यात शोभेपलीकडे फार काही नाही. नळी तेलाला टिकणारी हवी आणि तिचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको.

दुसरा बदल म्हणजे ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधून वायू बाहेर नेणारी नळी, सरळ हवेत उघडणे आणि मॅनिफोल्डकडची वाट बुजवणे. शर्यतीच्या गाडीत तो चालतो. रस्त्यावरच्या गाडीत क्रँककेसमधील ओढ जाते, तेलात पाणी राहते आणि केबिनमध्ये वास येतो. मॅनिफोल्डचे तोंड नीट बुजले नाही तर एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते, त्यामुळे उघडा ब्रीदर तिथून सहसा सुटतो. तेवढ्याने तो कायदेशीर ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. के. आर. पुरम आरटीओच्या केए-५३ पाटीच्या गाड्यांनाही तोच कायदा लागू आहे.

कॅन लवकर भरू लागला तर मोठा कॅन घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासावे. बहुधा रिंगा गेलेल्या असतात आणि इंजिन दुरुस्तीला आलेले असते. जवळच्या फेऱ्यांमुळे आत पांढरट, दह्यासारखा थर जमणे वेगळे: तो तेलात मिसळलेल्या पाण्याचा असतो, मात्र कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहून घ्यावे. साठलेले तेल गटारात न ओतता वापरलेल्या इंजिन ऑइलसोबतच द्यावे.