हात दाखवणारा माणूस : रस्त्यावरच्या मदतीचा इतिहास आणि मागून येणारी गाडी

एक विनंती आधीच करतो. बाइक चालवताना ऐकत असाल तर आत्ता बंद करा, घरी पोचल्यावर ऐका. आजचा विषय रस्त्याचाच आहे.

रात्रीचे अकरा वाजलेत. तुम्ही उमरग्याहून सोलापूरकडं निघालाय. जळकोट मागं पडलं, नळदुर्ग अजून यायचंय. पुढं हेडलाइटच्या उजेडात एक माणूस हात हलवतोय, त्याच्या मागं आडवी पडलेली मोटरसायकल. थांबायचं की नाही?

हा निर्णय आपण दोन-तीन सेकंदांत घेतो. पण त्या सेकंदांत मनात जी भीती उठते, तिला मोठा इतिहास आहे. खरं तर भीती एक नाही, तीन आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या काळातल्या. पहिली लुटीची, दुसरी पोलीस-कोर्टाची आणि तिसरी मागून येणाऱ्या गाडीची. पहिल्या दोन आपल्या अंगवळणी पडल्यात. तिसरी आज सगळ्यात जवळची आहे, आणि तिच्याबद्दलच आपण सगळ्यात कमी बोलतो.

पहिल्या भीतीपासून सुरुवात करू. ती आपल्या जिल्ह्याशी चांगलीच जोडलेली आहे.

1853 साली निजामानं जो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यात वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत नळदुर्गचा भागही होता. म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मोठा तुकडा. त्याचा कारभार बघायला आला फिलिप मेडोज टेलर. मुक्काम तुळजापूरला. 1857 पर्यंत तो इथं होता, आणि 1860 मध्ये हा भाग निजामाकडं परत गेला. पण तुळजापूरला येण्याच्या कितीतरी आधी, 1839 मध्येच, टेलर लंडनमध्ये गाजला होता. कशामुळं? 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीमुळं.

ठगांची पद्धत त्या काळच्या कागदपत्रांत अशी सांगितलीय : वाटेत प्रवाशांना गाठायचं, गोड बोलायचं, 'रस्ता धोक्याचा आहे, सोबतीनं जाऊ' म्हणायचं, आणि विश्वास बसला की रुमालानं गळा आवळायचा. 1836 मध्ये इंग्रजांनी ठगांविरुद्ध खास कायदाच केला. आता, इंग्रजांनी हे प्रकरण किती फुगवून सांगितलं यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि तो वाद खरा आहे. वाटमारी मात्र होतीच. आणि वाटेवरचा अनोळखी माणूस मदत मागतोय की सावज शोधतोय, हा संशय तेव्हापासून आपल्या बोलण्यात मुरलाय. 'रात्री कुणी हात केला तर थांबू नको बरं का' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते उगाच आलेलं नाही.

दुसरी भीती विसाव्या शतकातली. मोटारी आल्या, अपघात आले, आणि अपघातासोबत पंचनामा आला. जखमीला दवाखान्यात नेलं तर 'तूच उडवलं का?' हा प्रश्न. मग जबाब, मग तारखा. दवाखानेही 'पोलीस केस आहे, आधी पोलिसांना आणा' म्हणायचे. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं आधी, कागद नंतर. डॉक्टरांचं कर्तव्य ठरलं, पण आणून सोडणाऱ्याचं काय? त्याचा प्रश्न तसाच राहिला.

2006 मध्ये विधी आयोगानं आपल्या 201व्या अहवालात म्हटलं की जखमींना पहिल्या तासाभरात उपचार मिळाले तर निम्मे मृत्यू टळू शकतात. त्या तासात जखमीजवळ कोण असतं? डॉक्टर नाही, पोलीस नाही. तुमच्या-माझ्यासारखा वाटसरूच असतो. आणि 2013 मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशननं केलेल्या पाहणीत 74 टक्के लोक म्हणाले, आम्ही मदतीला पुढं होण्याची शक्यता कमी. त्यातल्या 88 टक्क्यांनी कारण सांगितलं ते पोलीस आणि कोर्टाच्या झंझटीचं.

याच संस्थेनं 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका टाकली होती. त्यातून मे 2015 मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 30 मार्च 2016 रोजी कोर्टानं ती देशभर बंधनकारक केली. पुढं 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, आणि 2020 मध्ये त्याचे नियम. साध्या भाषेत अर्थ असा : तुम्ही चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केलीत, तर मदत करताना काही चुकलं म्हणून तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. आता तर 'राहवीर' नावाच्या योजनेत गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला 25 हजार रुपयांचं बक्षीस आहे. आधी ते 5 हजार होतं.

म्हणजे दुसऱ्या भीतीवर कायद्यानं बऱ्यापैकी उतारा दिलाय. हे मित्रांना सांगा, कारण अजून खूप जणांना माहीत नाही.

आता तिसरी भीती. ही घडली ती रस्त्यामुळं.

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. सोलापूर–हैदराबाद, जुना नऊ नंबर. आणि सोलापूर–धुळे, जुना दोनशे अकरा. 2010 मध्ये देशभरातल्या हायवेचे नंबर बदलले आणि हे अनुक्रमे 65 आणि 52 झाले. जुनी माणसं अजूनही 'नऊ नंबर' म्हणतात. नंतर रुंदीकरण झालं, चौपदरी आले. दुपदरी खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर मागचा ट्रक तसाही हळू यायचा. ड्रायव्हर उतरायचा, जॅक द्यायचा, तंबाखू मळत दोन शब्द बोलायचा. रस्त्याच्या मधोमध उभं राहून मदत करण्याची आपली सवय त्या काळातली आहे. रस्ता बदलला, सवय तीच राहिली.

हिशोब करून बघू. ताशी 80 किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर कापते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात 33 मीटर गेले. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी 40 च्या आसपास. झाले 70-75 मीटर. आणि डिपरवर टाकलेल्या हेडलाइटचा चांगला उजेड पडतो साधारण 40 ते 60 मीटरपर्यंत. म्हणजे त्याला तुम्ही दिसता तेव्हाच उशीर झालेला असतो. तो ड्रायव्हर दारू प्यायलेला नाही, वेडा नाही, साधा माणूस आहे. तरीही. लोड भरलेला ट्रक असेल तर अंतर आणखी वाढतं.

हे कागदावरचं गणित नाही. 5 ऑक्टोबर 2022, दसऱ्याचा दिवस. मुंबईत वांद्रे–वरळी सी-लिंकवर पहाटेच्या अंधारात एका गाडीला अपघात झाला. मदतीला अँब्युलन्स आली, सी-लिंकचे कर्मचारी आले. मागून भरधाव आलेली कार थेट त्या थांबलेल्या गाड्यांवर आणि माणसांवर आदळली. पाच जण गेले. मृतांत सी-लिंकचे कर्मचारीही होते, म्हणजे ज्यांचं कामच मदत करणं आहे ते.

पुढच्याच वर्षी, 19 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर, अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर तसंच. आधी एक अपघात झाला, गर्दी जमली आणि त्या गर्दीत भरधाव कार घुसली. नऊ जणांचा जीव गेला. त्यात एक पोलीस कॉन्स्टेबल होता, एक होमगार्ड होता. अंगावर वर्दी होती. तरी वाचले नाहीत.

इथं मला आजची मुख्य गोष्ट सांगायचीय. कलम 134अ तुम्हाला पोलिसांपासून वाचवतं. मागून येणाऱ्या गाडीपासून कुठलंच कलम वाचवत नाही. ते काम मदत करणाऱ्यालाच करावं लागतं, आणि जखमीला हात लावायच्या आधी करावं लागतं.

लोकांनी यावर उपाय शोधले नाहीत असं नाही. आपल्या ट्रकवाल्यांचा जुना उपाय म्हणजे झाडाची फांदी. बंद गाडीच्या मागं फांद्या तोडून टाकायच्या, लांबून कळतं. फांदी बरी. पण काही जण मोठे दगड मांडतात, आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तिथंच सोडून निघून जातात. नळदुर्ग–अणदूर पट्ट्यात असे बेवारस दगड मी कितीदा पाहिलेत. दिवसा चुकवता येतात. रात्री बाइकवाल्याला ते दिसत नाहीत. गळीत हंगामात उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी असते तेव्हा हेच. एकाचा बचाव, दुसऱ्याचा अपघात.

बाहेरच्या जगात लाल त्रिकोण आला, चमकणारी जॅकेटं आली. फ्रान्सनं 2008 मध्ये प्रत्येक कारमध्ये जॅकेट आणि त्रिकोण सक्तीचे केले. पण पुढची गोष्ट ऐका. स्पेननं 1 जानेवारी 2026 पासून त्रिकोणाऐवजी गाडीच्या टपावर चिकटवायचा चमकता दिवा सक्तीचा केला. का? त्रिकोण ठेवायला हायवेवर चालत जाणारी माणसंच गाड्यांखाली येत होती. ब्रिटनचा हायवे कोड तर सांगतो, मोटरवेवर त्रिकोण ठेवायला जाऊच नका. म्हणजे इशारा द्यायचा, पण इशारा देणारा माणूस डांबरावर नको.

आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याच घरी आहे. कोजागरीला लाखो भाविक सोलापूरहून तुळजापूरला चालत येतात, 45 किलोमीटर. त्या काळात प्रशासन हा रस्ता गाड्यांना बंद करतं आणि वाहतूक दुसरीकडून वळवतं. माणसं आणि वेग एका पट्टीवर ठेवायचे नाहीत, एवढं साधं तत्त्व. अपघाताच्या जागी आपल्याला छोट्या प्रमाणात हेच करायचंय.

तर, कसं? लक्षात ठेवायला सोपं सांगतो.

थांबायच्या आधी ठरवा : इथं डांबर सोडून थांबायला जागा आहे का? वळणावर, पुलावर, चढ संपतो तिथं जागा नसेल तर थांबू नका. पुढं पेट्रोल पंप, ढाबा किंवा टोलनाका गाठा आणि फोन करा. फोन करणं हीसुद्धा पूर्ण मदतच आहे. 112 वर पोलीस, 108 वर अँब्युलन्स, नॅशनल हायवेवर 1033. जागा सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि दिशा सांगा, 'सोलापूरकडं जाणारी बाजू' असं.

जागा असेल तर गाडी पूर्ण साइडपट्टीच्या बाहेर घ्या, शक्यतो अपघाताच्या पुढं. चारही इंडिकेटर चालू ठेवा. उतरताना रस्त्याकडच्या दारातून नाही, पलीकडच्या दारातून. चालायचं ते क्रॅश बॅरिअरच्या पलीकडून किंवा डांबराखालून, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून.

सगळ्यांनी जखमीभोवती जमायचं नाही. एकाचं काम फक्त मागचा रस्ता. त्यानं डांबराच्या बाहेरून किमान शंभर पावलं मागं जायचं, चौपदरीवर दीडशे, आणि मोबाइलचा टॉर्च खालीवर हलवत राहायचं. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मारायचा नाही. एकटेच असाल तर आधी फोन, मग इशारा, मग जखमी.

दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कधीच उभं राहू नका. मागून धडक बसली तर पळायला जागा नसते. ज्यांना चालता येतंय त्यांना आधी रस्त्याच्या बाहेर बसवा. ज्याला हलता येत नाही त्याला ओढाताण करू नका. आग किंवा येणाऱ्या गाड्यांचा धोका असेल तरच हलवा. पंक्चर काढणाऱ्यालाही हेच लागू, चाक रस्त्याच्या बाजूचं असेल तर गाडी आधी पुढं सरकवा. रिम खराब झाली तर नवीन मिळते.

आणि ती पहिली, टेलरच्या काळातली भीती? तीही पूर्ण खोटी नाही. निर्जन जागा आहे, तुम्ही एकटे किंवा एकट्या आहात, काहीतरी खटकतंय, तर उतरू नका. काच वर, दार लॉक, पुढं जाऊन 112. माणुसकी कमी पडली असं होत नाही. मदत पोचली की झालं.

मदत आटोपली की शेवटचं काम : मांडलेले दगड, फांद्या उचला. तुमच्यानंतर तिथून एक बाइक येणार आहे.

हा एपिसोड ट्रॅक्टर, टेम्पो, बाइक चालवणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू पुढच्या वेळी. सावकाश जा.